वाशीम हे नाव आणि वाशीमकर हे आडनाव

आमचे शालेय शिक्षण बेताचेच. कामगारांच्या सभासद-वह्या लिहिता लिहिता आम्हांला आडनावांचा नाद लागला, आणि त्या नादाने इतिहासाच्या दारी आणून सोडले.

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीने चौथ्या शतकात वत्सगुल्माहून दिलेला ताम्रपट १९३९ साली याच गावी सापडला. नावाच्या कथा दोन. गावात वत्स ऋषींची कथा सांगतात. कामसूत्राच्या जयमंगला टीकेत वत्स आणि गुल्म हे दोघे राजपुत्र भाऊ आहेत. कथा दोन झाल्या की समजावे, नावाचा मूळ अर्थ लोक केव्हाच विसरले होते.

मग वत्सगुल्माचे वाशीम झाले कसे? याचा पुरावा शेतकऱ्याच्या गोठ्यात बांधलेला आहे. संस्कृत 'वत्सरूप' प्राकृतात 'वच्छरूव' झाले आणि मराठीत 'वासरू'. तोच 'वत्स' येथे 'वास' झाला. 'गुल्म' झिजत झिजत शेवटी 'म' उरला. मधली पायरीही सापडते. इ. स. ९०० च्या सुमाराच्या राजशेखराने आपल्या प्राकृत नाटकात येथील काव्यरीतीला 'वच्छोमी' म्हटले आहे. पुढे मोगली दफ्तरात 'बासिम' आले, इंग्रजांनी तेच उचलले. १९०५ साली तो बासिम जिल्हा मोडून अकोला आणि यवतमाळ या जिल्ह्यांत वाटला गेला. १ जुलै १९९८ रोजी जिल्हा पुन्हा वेगळा झाला तो वाशीम या नावाने. दफ्तरे 'ब' लिहीत राहिली, लोकांनी 'व' सोडला नाही.

आता आडनाव. वाशीमात राहणाऱ्याला वाशीमकर कोण म्हणणार? गाव सुटले की गावाला 'कर' लागतो. एका खात्यात दोन तुकाराम असले, की एक वाशीमकर होतो, दुसरा रिसोडकर. वडिलांनी आडनावात घर ठेवले नसेल, पण गाव ठेवलेले असते. आंबडव्याच्या सकपाळांच्या मुलाचे नाव शाळेत आंबडवेकर असे लागले. पुढे ते आंबेडकर होऊन देशाच्या घटनेशी कायमचे जोडले गेले.

त्या ताम्रपटात दान घेणाऱ्यांची नावे गोत्रांसह कोरली आहेत. दान दिलेल्या गावात नांगर धरणाऱ्यांची नावे नाहीत. तरीही राजधानीचे नाव दीड हजार वर्षे जिवंत राहिले, ते तांब्यावर नव्हे. तांबे जमिनीत पडून होते. ते राहिले नांगरवाल्यांच्या जिभेवर. म्हणून आमची विनंती एवढीच : हजेरीपटावर माणसाचे नाव लिहाल तेव्हा ते पुरे लिहा.