बंद न होणारं इंजिन

दुपारचे बारा वाजत आलेत. 4 नोव्हेंबर 2010. तुम्ही सिंगापूरच्या चांगी विमानतळावरच्या अग्निशमन दलात आहात. जाड सुटाच्या आत घामाच्या धारा लागल्यात आणि समोर क्वांटासचं दुमजली ए380 उभं आहे. सकाळी दहाच्या सुमारास ते सिडनीला निघालं. चार-पाच मिनिटांतच बाटाम बेटावर असताना डाव्या पंखाचं आतलं, म्हणजे दोन नंबरचं इंजिन फुटलं. आता 4 किलोमीटरची धावपट्टी जवळजवळ संपवून विमान थांबलंय. आत 469 माणसं आहेत.

पंखाखाली बघा. इंधनाची धार लागली आहे. शेजारीच डाव्या चाकांचे ब्रेक 900 अंशांपर्यंत तापलेत, चार टायर बसलेत. इंधन आणि तापलेले ब्रेक यांच्यामध्ये फक्त तुमचा फोम आहे. माराच, हात आखडू नका.

पण बाहेरच्या बाजूचं एक नंबरचं इंजिन घरघरतंय! कप्तान रिचर्ड डी क्रेस्पिनी यांनी तर उरलेली तिन्ही इंजिनं बंद केलीत. वीज गेल्यामुळे कॉकपिट अंधारलं, हाताशी एकच रेडिओ चालू. खालून त्यांना कळवलं जातं, तुमचं एक नंबर सुरू आहे. ते पुन्हा स्विच बंद करतात, मग आगीचा स्विच दाबतात. ढिम्म!

मोटारसायकलची किल्ली फिरवली की ठिणगी थांबते आणि गाडी बंद पडते. जेटला सुरू झाल्यावर ठिणगी लागतच नाही. आतली ज्योत पेटती राहते, त्या वायूवर टर्बाइन फिरतं, टर्बाइन पुढचा कॉम्प्रेसर फिरवतं आणि इंधनाचा पंपही. ते थांबवायचं तर इंधन तोडायचं, आणि त्या झडपांना हुकूम देणाऱ्या तारा दोन नंबरच्या टर्बाइनच्या फुटलेल्या तबकडीच्या तुकड्यांनी कापून टाकल्यात. तार तुटली म्हणून इंजिन आपोआप का थांबत नाही, असा वैताग तुम्हाला येईल. पण हीच तार समुद्रावर तुटली असती तर? तेव्हा ते चालत राहावं म्हणूनच रचना तशी केलेली असते. हवेत जी मेहेरबानी, तीच जमिनीवर तुमच्या डोक्यावर बसते.

प्रवाशांना घसरगुंडीवरून उतरवायचं नाही, असं वैमानिकांनी ठरवलंय. खाली इंधन, डावीकडे चालू इंजिन. घाबरलेला जमाव कुठे धावेल याचा नेम नाही. सुमारे तासाभराने उजव्या बाजूला शिडी लागते आणि एकाच दारातून माणसं उतरू लागतात. माझ्या मते त्या दिवसाचा सगळ्यात धाडसी निर्णय हाच, थांबून राहण्याचा.

माणसं बसमधून गेली, इंजिन मात्र चालूच. आता पाण्याचा मारा सुरू करा. ते पाणी गिळतं, आणि गिळणारच, मुसळधार पावसातून उडायलाच ते बनवलंय. मग फोम. इंजिनाच्या तोंडातच फवारा धरा, पण हवा शोषून घेणाऱ्या त्या तोंडापासून अंतर राखून.

उतरल्यानंतर तब्बल तीन तासांनी ते एकदाचं थांबतं. तुमचा सोबती हेल्मेट काढून विचारतो, एवढं झालं तरी कशामुळे? तुम्ही नंतरच्या काळातून आलात, तुम्हाला ठाऊक आहे: दोन नंबरमधली तेलाची एक छोटी नळी आतून मध्य सोडून कोरली गेली होती, एका बाजूला तिची भिंत पातळ राहिली आणि तिथेच तिला तडा गेला.