साबणाचा रंग, साबणाचा वास

मळ काढायला साबणाला रंग लागत नाही आणि वासही लागत नाही. तेल आणि क्षार एवढे दोघे पुरेसे असतात. तरीही दुकानात वडी हातात आली की आपण ती आधी नाकाशी नेतो. असं का, हे शोधायला फार लांब जायला नको. मुलुंड ते कल्याण या लोकलच्या पट्ट्यातच त्या गोष्टीचे बरेच धागे सापडतात.

आधी शब्द पाहू. ‘साबण’ हा अरबी ‘साबून’चा भाऊबंद. सीरियातल्या हलब शहरात, म्हणजे अलेप्पोत, ऑलिव्हच्या तेलात लॉरेलचं तेल घालून साबण करण्याची जुनी परंपरा आहे. आपल्याकडे रिठा, शिकेकाई, डाळीचं पीठ आणि सणासुदीला उटणं यांवर भागत असे. १८८८ मध्ये लीव्हर कंपनीचा ‘सनलाइट’ कोलकात्याच्या बंदरात उतरला. विलायती साबण येऊ लागला आणि त्याच्याबरोबर एक प्रश्नही आला : यात चरबी कुणाची? हिंदूला गाईची नको, मुसलमानाला डुकराची नको, जैनाला कुठलीच नको. वडीला वास कितीही गोड असला, तरी ही शंका त्याने झाकली जात नव्हती.

या शंकेला उत्तर दिलं ते कुलपं बनवणाऱ्या अर्देशिर गोदरेज यांनी. १९१८ साली त्यांनी प्राण्यांची चरबी टाळून वनस्पती तेलांचा साबण बाजारात आणला. पुढे ‘नंबर टू’ साबण आधी काढला आणि ‘नंबर वन’ नंतर. दुसराच इतका चांगला, तर पहिला किती चांगला असेल, असं गिऱ्हाइकाला वाटावं, म्हणून म्हणे. ही युक्ती गमतीची आहेच, पण मला त्यातल्या तेलाचं मोल जास्त वाटतं. मी कल्याणला चाळीत वाढलो. शेजारच्या मोरीत हातपाय धुणाऱ्या पोराला कुणी कधी साबणाची जात विचारली नाही आणि आमच्या अम्मीनेही ती विचारली नाही. हे न विचारणं आम्हाला आयतं मिळालं होतं. त्यासाठी कुणीतरी आधी डोकं चालवलं होतं.

तेलाचा प्रश्न सुटला, की वासाचा येतो. पहिल्या महायुद्धात चंदनाची निर्यात अडली, तेव्हा म्हैसूर संस्थानाने १९१६ साली स्वतःच चंदनाचं तेल काढायला घेतलं. त्यातूनच म्हैसूर सँडल साबण जन्मला. आपल्या बाजूला, ठाण्याच्या वेशीवरच्या मुलुंडला, केळकरांचा सुगंधाचा उद्योग नावारूपाला आला. एस. एच. केळकर कंपनीची सुरुवात १९२२ सालची. साबणासाठी वास तयार करणं हे निराळंच कसब आहे. बाटलीत दरवळणारा वास क्षारात टिकेलच असं नाही. लिंबाचा वास लवकर उडतो. चंदन आणि वाळा मात्र मुक्काम करतात. अत्तरवाल्यांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कनौजला गुलाबाचं अत्तर चंदनाच्या तेलावर उतरवत, कारण चंदन दुसऱ्याचा वास धरून ठेवतं.

आता ठाणे-डोंबिवलीत अनेक घरांच्या ओट्यावर साबण होतो. आमच्या शेजारच्या वहिनी करतात. डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे. कॉस्टिक सोडा पाण्यात सोडायचा. पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही. मग खोबरेल, एरंडेल असं मोजून मिसळायचं, साच्यात ओतायचं आणि वड्या चार ते सहा आठवडे सुकवायच्या. खरी मजा रंगांची. गुलाबाच्या पाकळ्या तपकिरी होतात, बिटाचा लाल रंग विटतो, व्हॅनिलाने पांढरी वडी चॉकलेटी होते. आणि हळद? ती क्षारात पडली की लालसर होते! वहिनी हसून म्हणाल्या, “भाऊ, हे तर कुंकू!” खरंच आहे. हळदीवर चुन्याचे किंवा टाकणखाराचे संस्कार करूनच कुंकू करत आले आहेत. वडी सुकता सुकता तो लाल रंग उतरतो आणि उन्हात ठेवली तर पिवळाही फिकटतो.

हळदीचा पिवळा रंग लोकांच्या गळी उतरवायचं काम डोंबिवलीने पाहिलं आहे. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली परळला सुरू केलेल्या विको कंपनीचा कारखाना डोंबिवलीत आहे. गावातलं पेंढरकर महाविद्यालय त्यांच्याच नावाचं. स्नो आणि क्रीम म्हणजे पांढरंशुभ्र, अशी समजूत असताना विकोने पिवळं क्रीम विकलं. त्यात चंदनाचं तेलही होतं. हे औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर अबकारी खात्याशी झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

याच डोंबिवलीने रंगाची दुसरी बाजूही सोसली आहे. १९६४ पासूनची इथली औद्योगिक वसाहत रसायनांची. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. रसायनांनी रंगलेला तो रस्ता पाहायला मुख्यमंत्री आले. भडक, न विटणारा रंग आपल्याला हवा असतो, तेव्हा तो कुठेतरी, कुणाच्या तरी दारात तयार होतो. साबणाची वडी नाकाशी नेताना हे आठवत नाही, पण डोंबिवलीकराला ते विसरून चालत नाही.

म्हणून मला वाटतं, साबणाचा रंग आणि वास हे विश्वासाचे प्रश्न आहेत. शंभर वर्षांपूर्वी लोकांनी विचारलं, चरबी कुणाची? आज विचारायला हवं, रंग कशाचा, वास कशाचा? अस्सल चंदनाचं तेल इतकं महाग, की स्वस्त वडीत ते असणं कठीणच. वहिनींच्या एका वडीवर पूर्वी ‘चंदन’ अशी चिठ्ठी असायची. गेल्या वर्षी त्यांनी ती बदलून ‘चंदनासारखा वास’ असं लिहिलं. त्या एका शब्दाने खप थोडा घटला, पण चिठ्ठी त्यांनी अजून बदललेली नाही.