एक जूनला जन्मलेली माणसं

किनाऱ्यावरच्या आगर गावाहून बोर्डीच्या रस्त्याला लागा. डावीकडे समुद्र, उजवीकडे चिकूच्या वाड्या. खिशातल्या मोबाइलमध्ये मुलीचं सगळं पहिलंवहिलं तारीखवार साठवलेलं आहे: पहिला दात, पहिलं पाऊल, अंगणवाडीतला रडका पहिला दिवस. नरपडपर्यंत तो चालेल. चिखल्याला रेंज जाते. घोलवडला तारा दिसेनाशा होतात, चाकाखालचं डांबर संपून धूळ लागते, आणि बोर्डीत शिरता तेव्हा 1945 सालचा डिसेंबर संपत आलेला असतो. सकाळची थंडी आहे. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास मात्र ओळखीचाच.

पालक म्हणूनच आलात तुम्ही, पण मूल इथलं आहे. जन्म कधीचा असं कुणी विचारलं तर सांगता, भातकापणी चालली होती तेव्हाचा. कुठल्या सालची कापणी? हात कमरेपाशी नेऊन दाखवता: एवढी झालीय. तिच्या कडेवर तिचा धाकटा भाऊ आहे. तुम्ही वाडीवर कामाला गेलात की दिवसभर तो तिच्याच अंगावर. तिचं पहिलं पाऊल कधी पडलं हे तुम्हाला आठवत नाही. त्याचं पडेल तेव्हा ती बघेल, तुम्ही नाही.

गावात बालवाडी निघालीय हे कानावर आलंय. 24 डिसेंबरला काम सुरू झालं. बऱ्या घरातली मुलं तिथं जातात, गाणी म्हणतात, खेळतात. तुमची कशी जाणार? भावाला कोण सांभाळणार? आणि धुतलेला कपडा कुठून आणायचा?

एका सकाळी ती बालवाडी काढणाऱ्या दोघीच तुमच्या अंगणात येतात. थोरल्या ताराबाई मोडक. वय 53. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर दक्षिणामूर्ती संस्थेत काम केलेल्या, 1926 पासून नूतन बालशिक्षण संघाच्या कामात बुडालेल्या. धाकट्या अनुताई वाघ, पस्तिशीच्या. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिकून मास्तरीण. तुम्हाला यातलं काहीच ठाऊक नाही. तुम्हाला दिसतं ते असं, की स्वतःचं मूल नसलेली एक परकी बाई तुमच्या पोरीच्या केसांतला गुंता सोडवतेय. नखं कापतेय. तोंड धुतेय. मग शिंपले, चिंचोके, पानं, खडे मांडले जातात आणि कुणीतरी गाणं सुरू करतं. धाकटा तिथंच मातीत बसून चिंचोका तोंडात घालतो. त्याला कुणी हाकलत नाही, फक्त चिंचोका काढून घेतात.

कृतज्ञता वगैरे नंतर, सत्कारांतल्या भाषणांत येते. अंगणात उभ्या असलेल्या आईबापाला आधी लाज वाटते. आपलं पोर मळकं आहे हे दुसऱ्यानं तांब्याभर पाण्यानं सांगितलं, ही लाज. आणि लाजेच्या तळाशी संशय असतो. फुकट कोण कशाला करील? उद्या काय मागायला येतील? कशावर अंगठा घेतील?

हा संशय कुठून आला ते बघायचं तर सात महिने मागे जा आणि किनारा सोडून पूर्वेला शिरा. तलासरीजवळचं झरी. 23 मे 1945. उन्हानं जमीन तापलीय आणि हजारो वारली माणसं सभेला बसली आहेत. त्यात तुम्हीही आहात, तुमच्याच पाड्यातल्या माणसांत.

तुमचं लग्न झालंय, आणि तेच तुमचं दुःख आहे. लग्नाला काही कमी पडलं नव्हतं. सवाशिणींनी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहिला, त्यात पालघट देवी आली. धवलेरीनं गाणी म्हणून लग्न लावलं. तारपा वाजला, ताडी झाली, पाडा जेवला. या सगळ्याला लागलेला पैसा आणि धान्य सावकारानं दिलं आणि चोपडीत लिहून ठेवलं. तेव्हापासून तुम्ही त्याचे लग्नगडी. नवरा-बायको दोघंही त्याच्या शेतात, त्याच्या गोठ्यात, तो म्हणेल तेव्हा. आकडा किती होता, किती फिटला, हे चोपडीला ठाऊक. ती तुम्हाला वाचता येत नाही. आयुष्यातल्या सगळ्यात आनंदाच्या दिवसाची लेखी नोंद एकट्या सावकाराकडे आहे, आणि ती कर्ज म्हणून आहे. म्हणून तर कितीतरी जोडपी लग्नाशिवायच संसार थाटतात, पोरंबाळं होतात, आणि चार पैसे जमले तर पुढं कधीतरी चौक लिहिला जातो. शहाणपणच ते.

समोर बोलणाऱ्या बाईंचं माहेर गोखल्यांचं. वकिलीची पदवी घेतलेल्या, भारत सेवक समाजाच्या सदस्य झालेल्या, साक्षरतेच्या कामातून लोकांपर्यंत पोचलेल्या गोदावरी परुळेकर. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं, तिकडे इथली माणसं जाऊन आली होती. आज झरीत ठरतं ते थोडक्यात असं: वेठ करायची नाही, आणि दिवसाला बारा आणे मिळाल्याशिवाय कामाला जायचं नाही. पुढच्या दिवसांत माणसं पाड्यापाड्यांत जाऊन लग्नगड्यांना सावकाराच्या दारातून मोकळं करू लागतात. त्याची किंमत लगेच मोजावी लागते. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार होतो, पाच जण जातात.

त्याच वर्षाच्या अखेरीला, त्याच पट्ट्यात, बोर्डीच्या अंगणात नखं कापणं सुरू होतं. आपल्याकडे या दोन गोष्टी वेगवेगळ्या कपाटांत ठेवतात, एक चळवळीच्या आणि दुसरी बालशिक्षणाच्या. ती कपाटं अभ्यासकांच्या सोयीची. अंगणात उभ्या असलेल्या आईबापाला तसं वेगळं काढता येत नाही. पोर वेठीला जाणार नाही एवढी खात्री झाली, की मगच ते शिकायला बसवायचा विचार डोक्यात येतो. आणि परक्या माणसानं आपल्या घरच्या प्रसंगात हात घातला तर दर वेळी चोपडी निघतेच असं नाही, हे पटायला झरी आणि बोर्डी दोन्ही लागतात.

आता कोसबाडची टेकडी चढा. बारा वर्षं पुढं, 1957. ताराबाई-अनुताईंचं काम बोर्डीहून इथं आलंय. पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात. म्हणजे धाकट्याला कडेवर घेऊन आलेली बहीण त्याला पाळणाघरात ठेवते आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसते. बोर्डीच्या मातीत बसलेल्या त्या पोरानं एवढी अक्कल शिकवली होती. तरीही तुमचा मोठा मुलगा येत नाही. त्याच्याकडे गुरं आहेत. मग शाळाच कुरणात जाते. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली बसून अक्षरं गिरवताहेत, एक वासरू शेताकडे निघालं की निम्मा वर्ग त्याच्यामागे पळतो आणि परत येतो. कुरणशाळा म्हणतात त्याला. हजेरी घेणाऱ्याचे हाल मी कल्पनेनंच बघतो.

शाळेत नाव घालायचा दिवस उजाडतो. गुरुजी नोंदवही उघडून विचारतात, जन्मतारीख? तुम्ही भातकापणी सांगता. गुरुजी पोराकडे बघतात, दात बघतात, डोक्यावरून हात नेऊन उलटा कान धरायला सांगतात, मनाशी हिशेब करून साल ठरवतात आणि लिहितात: 1 जून. जूनमध्ये शाळा उघडते, वय बरोबर बसतं, पुढं अडचण नको. महाराष्ट्रात शाळेच्या दाखल्यांवर 1 जूनला जन्मलेली माणसं इतकी का भेटतात, त्याचं कारण एवढंच. लोक त्यावर हसतात. मला त्यात हसण्यासारखं फारसं दिसत नाही. आजवर या घरातल्या कुठल्याच प्रसंगाला तारीख नव्हती. होती ती सावकाराच्या चोपडीतली. आता एका मास्तरानं अंदाजानं का होईना, पोराला वाढदिवस दिला, आणि तो दिलेला दिवस परत मागायला कुणी आलं नाही.

पुढची वर्षं भराभर जाऊ द्या. 1973 मध्ये ताराबाई जातात. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू होते आणि तुमच्या अंगणात सुरू झालेली ती गोष्ट अंगणवाडी म्हणून देशभर पोचते. अनुताई 1992 पर्यंत काम करत राहतात.

इथं जरा थांबायला हवं, कारण इथं एक लबाडी होते. त्या दोघींनी जे स्वखुशीनं केलं, ते सरकारनं लाखो बायकांना करायला लावलं आणि त्या स्वखुशीनंच करताहेत असं कागदावर धरून चाललं. म्हणून अंगणवाडी सेविकेला पगार नाही, मानधन. वजनं तिनं करायची, पोषण आहार तिनं द्यायचा, लसीकरणाला मुलं तिनं गोळा करायची, सर्वेक्षणं तिच्याच गळ्यात. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं. डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या तेव्हा कितीतरी पालकांना पहिल्यांदा कळलं, की ताईंनाही घर चालवायचं असतं. झरीच्या माळावर बसलेल्या माणसांना हे प्रकरण समजावून सांगायला फार वेळ लागला नसता.

आता थोडं मागे या, फेब्रुवारी 2019. त्याच पट्ट्यात, धुंदलवाडीच्या बाजूला. नोव्हेंबरपासून जमीन हादरतेय. कधी रात्री दोनदा, कधी दिवसभर काहीच नाही, आणि ते जास्त वाईट. तुम्ही पोरांना घेऊन घराबाहेर तंबूत झोपता. नवं घरकुल मागे उभं आहे, भिंतीला तडा. याच दिवसांत कुणाच्या तरी बाळाचं बारसं तंबूत होतं. पाळणा टांगायला आढं नाही, म्हणून दोन बाप्ये बांबू धरून उभे राहतात, नाव ठेवून होईपर्यंत. ताडपत्री कुणी आणून दिली हे तुम्हाला नंतर आठवणार नाही, आणि देणाराही सांगत फिरणार नाही.

आणि आता आगर. कोरोनानं दोन वर्षं शाळा बंद राहिल्यानंतरचा, 2022 चा, जून. शाळेत ‘पहिले पाऊल’चा मेळावा आहे, पहिलीत येणाऱ्या मुलांचा. व्हरांड्यात टेबलं मांडलीत आणि गावातलेच लोक त्यांवर बसलेत. तुम्हाला तिसरं टेबल मिळालंय. मुलांनी समोरच्या वस्तू निवडून वेगळ्या करायच्या, तुम्ही बघून विकासपत्रावर खूण करायची. तुमची मुलगी पहिल्या टेबलावरून रेषेवर चालत येतेय, तोल सावरायला दोन्ही हात पसरून. तिच्याकडे बघायचं असतं. पण समोर मांगेलआळीतला एक मुलगा उभा आहे आणि तो चिंचोके आणि शिंपले वेगळे करायचं सोडून त्यांचा एक मासा करत बसलाय. खूण कुठे करायची? कागदावर माशाचा रकाना नाही. तुम्ही मान वर करता तोवर तुमची मुलगी रेषा संपवून पुढच्या टेबलावर गेलेली असते. तिचं चालणं दुसऱ्याच कुणीतरी पाहिलं, आणि तिच्या कागदावर खूणही त्याच माणसाची.

नोंदणीच्या टेबलावर एक आजी नातवाला घेऊन आल्यात. त्याची जन्मतारीख दवाखान्याच्या दाखल्यावर वेळेसकट आहे. तुमची किती, आजी, असं कुणीतरी सहज विचारतं. एक जून, आजी सांगतात, आणि शेजारी बसलेले दोन म्हातारे हात वर करतात: आमची पण.

दुपारी मेळावा आटोपतो. सेविका एका कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलीय, पोषण ट्रॅकरमध्ये माहिती भरतेय. रेंज येते-जाते. दिवसभराचं काम झाल्यावरचं हे काम. तुम्ही म्हणता, द्या इकडे, मी भरतो निम्मी.

‘लॉगिन माझंच लागतं,’ ती मान वर न करता म्हणते. ‘तुम्ही सतरंज्या झटका.’