गॉल्टनचे गणित

गणिताला भिऊन मानसशास्त्राकडे वळलेल्या विद्यार्थ्यास तेथेही संख्याशास्त्र गाठतेच. ‘सहसंबंध’ शब्दानेच उरात धडकी भरते. परंतु ही कल्पना १८८८ साली मांडणारा फ्रान्सिस गॉल्टन स्वतः केंब्रिजमध्ये गणिताच्या अभ्यासापायी आजारी पडला होता. १८४४ मध्ये त्यास साध्या पदवीवरच समाधान मानावे लागले. (त्याचे वंशविषयक सिद्धांत आज त्याज्य ठरले, ती गोष्ट निराळी.) पुढे २०५ दांपत्ये व त्यांची ९२८ प्रौढ अपत्ये यांच्या उंचीचे कोष्टक न्याहाळताना समान आकडे जोडणाऱ्या रेषा त्यास लंबवर्तुळाकार दिसल्या. दृष्टी त्याची, सिद्धता मात्र त्याने केंब्रिजच्याच हॅमिल्टन डिक्सन या गणितज्ञाकडून करवून घेतली आणि १८८६ साली ते उघडपणे छापले. डिक्सनचे उत्तर हाती पडले तेव्हा गणिताविषयी जो आदर दाटून आला, तसा पूर्वी कधीच वाटला नव्हता, असे त्यानेच लिहून ठेवले आहे.