इमादशाही : वऱ्हाडच्या गादीसाठी झालेला खरा संघर्ष

‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही एचबीओ वाहिनीची मालिका २०११ ते २०१९ या काळात आठ सीझनमध्ये प्रसारित झाली. एका सिंहासनासाठी सरदार घराण्यांत चाललेला संघर्ष हा तिचा विषय. मालिकेचे कथानक काल्पनिक असले, तरी गादीसाठी असाच खराखुरा संघर्ष वऱ्हाडात होऊन गेला. त्याचे केंद्र होते चांदूर बाजारच्या शेजारचे अचलपूर, म्हणजे तेव्हाचे एलिचपूर.

राज्याची सुरुवात
बहमनी सत्ता खिळखिळी झाल्यावर वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य स्थापन केले. हीच इमादशाही.

बालराजा आणि वजीर
दर्या इमादशहानंतर १५६२ च्या सुमारास अल्पवयीन बुऱ्हाण गादीवर आला. कारभार मात्र वजीर तुफालखानाच्या हाती होता. पुढे त्याने बुऱ्हाणला आजच्या अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्यात कैदेत ठेवले आणि सत्ता बळकावली.

शेवट कसा झाला?
अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाला नेमके हेच निमित्त मिळाले. ‘बुऱ्हाणला सोडा’ अशी मागणी करत त्याने वऱ्हाडवर स्वारी केली. १५७४ मध्ये नरनाळा आणि गाविलगड पडले. पण बुऱ्हाणला गादी परत मिळाली नाही. ज्याने त्याला कैद केले त्या तुफालखानासोबतच तोही निजामशहाच्या कैदेत गेला आणि तिथेच मरण पावला. वऱ्हाड निजामशाहीत विलीन झाले.

बुऱ्हाणच्या नावाने लढाई झाली, पण ती बुऱ्हाणसाठी नव्हती.