खडबडीत चांदीचा हिशेब

रामन परिणाम १९२८ साली कोलकात्यात सापडला, पण तो फार क्षीण. रेणूवर पडलेल्या प्रकाशकणांपैकी जेमतेम कोटीत एखादा रंग बदलून बाहेर पडतो. धातूला चिकटलेला रेणूंचा एकच थर अशा प्रकाशात दिसावा, ही अपेक्षाच धाडसाची. १९७४ मध्ये साउदॅम्प्टनच्या फ्लाइशमान, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांनी चांदीच्या इलेक्ट्रोडचे पुनःपुन्हा ऑक्सिडीकरण व क्षपण करून तो खडबडीत केला, आणि त्यावरच्या पिरिडिनचा ठळक वर्णपट मिळाला. त्यांचा तर्क असा की पृष्ठभाग खडबडीत झाला, म्हणजे रेणूंना जागा वाढली. हा हिशेब जमत नव्हता. जागा वाढून वाढणार दहा-वीस पट. १९७७ साली जीनमेअर आणि व्हॅन डाइन यांना, तसेच स्वतंत्रपणे अल्ब्रेक्ट आणि क्रायटन यांना आढळलेली वाढ मात्र लाखाच्या घरातली होती. प्रयोग साउदॅम्प्टनचा, हे श्रेय कुणी हिरावू नये. पण शोध लागला तो हिशेब तपासल्यावर.

ही वाढ येते ती अशी: चांदी, सोने, तांबे यांच्यातले मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकसाथ हेलकावतात आणि टोकांशी, फटींत विद्युतक्षेत्र एकवटते. क्षेत्र दहापट झाले की रामन संकेत जवळजवळ दहा हजार पट होतो. यासाठी उंचवटे हवेत काही दशक नॅनोमीटरचे. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारलेल्या हंड्यावरचे ठोके प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा हजारो पटींनी मोठे; धातू योग्य असूनही त्यांचा इथे उपयोग नाही. काहींचा आक्षेप असा की खरे काम रेणू आणि धातू यांच्यातील विद्युतभाराच्या देवाणघेवाणीचे आहे. तिचा वाटा आहेच, पण बहुधा दहा ते शंभर पटींचा. शिवाय धातूला न टेकता काही नॅनोमीटर दूर असलेल्या रेणूंचाही संकेत वाढतो. तिथे देवाणघेवाण कुठून येणार?

म्हणूनच मला पुण्यातले एक काम महत्त्वाचे वाटते. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी गवती चहाच्या पानांचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळून सोन्याचे चपटे, त्रिकोणी नॅनोकण बनवले. ते २००४ साली 'नेचर मटेरियल्स'मध्ये प्रसिद्ध झाले. अर्काचे प्रमाण बदलले की त्रिकोणांचा आकार आणि त्यांचे प्रकाशशोषणही बदलते. या कणांचे पृष्ठ सपाट असते, तरी क्षेत्र त्यांच्या कोपऱ्यांशी एकवटते. म्हणजे खडबडीतपणा हे केवळ एक साधन. निर्णायक ठरतो धातूचा नॅनोमीटरमधला आकार.