सहा तासांचं अंतर

फेब्रुवारी १९६८. रत्नागिरीहून बोटीने मुंबईला येऊन तुम्ही लालबागच्या गिरणीत लागला आहात. रात्रपाळी सुटते. परळच्या नाक्यावर गाववाला गाठतो. "केईएम हॉस्पिटलात सेन डॉक्टरांनी एकीचं काळीज काढून दुसऱ्याला बसवलं."

तुमच्या तोंडून निघतं, "जिचं काढलं, ती मेली होती ना?"

हा प्रश्न अडाण्याचा नाही. केपटाउनला डॉ. बर्नार्ड यांनी जगात पहिल्यांदा एका माणसाचं हृदय दुसऱ्याला बसवलं, त्याला अजून तीन महिने व्हायचे आहेत. डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे धाडस करणारे जगातले चौथे शल्यविशारद. त्यांचा रुग्ण काही तासांतच दगावला. मेंदूचं मरण कसं ओळखावं, हे सांगणारा हार्वर्डचा अहवाल ऑगस्टमध्ये यायचाय. भारताच्या कायद्यात त्यावर एक ओळ नाही.

ती ओळ यायला २६ वर्षं लागली. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली झाला. त्यासाठी संसदेला ठराव करून विनंती करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता, गोवाही होता.

आता रत्नागिरीत, आजच्या काळात या. अतिदक्षता विभागात तुमचा धाकटा भाऊ पडलाय. महामार्गावर गाडी उलटली. छाती वरखाली होतेय, हात गरम लागतोय. डॉक्टर म्हणतात, "दादा, मेंदू मृत झालाय." तुम्हाला ते खोटं वाटतं. वाटणारच.

ते बुबुळांवर उजेड टाकतात, कानात थंडगार पाणी सोडतात. शेवटी व्हेंटिलेटर बाजूला करून स्वतःचा श्वास येतो का, ते पाहतात. येत नाही. मरण ठरवणारे डॉक्टर चार. प्रत्यारोपण करणाऱ्यांपैकी त्यांत एकही नाही. आणि हे सगळं किमान सहा तासांनी पुन्हा करायचं.

कायद्यातली मला सर्वांत माणुसकीची वाटणारी गोष्ट हीच. घाई करायला इथे कुणालाच मुभा नाही. त्यानंतर अवयव द्यायचे की नाही, हे घरच्यांनी ठरवायचं. नाही म्हणालात, तरी कुणी बोल लावू नये.

पण भावाची इच्छा काय होती, हे अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर बसून आठवत बसायची पाळी कुणावर येऊ नये. यंदा गणपतीला सगळं घर जमेल, तेव्हा तुमची इच्छा सगळ्यांदेखत सांगून टाका.